नकारानंतर उरते ती मैत्री

‘तुमच्या मुलाला कोणी मारले का? शिवीगाळ केली का? वर्गाबाहेर काढले का? नाही ना? मग तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?’ अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील एका शाळेत हे प्रश्न माझ्या एका माजी विद्यार्थिनीला अत्यंत सौजन्याने विचारण्यात आले. तिच्यापाशी उत्तर नव्हते. ‘सर, खरंच कोणी काही वाईट केलं नाही हो. सगळे त्याच्याशी फार चांगलं वागले. तेच तर मला सांगता येत नाहीये,’ असे ती मला फोनवर म्हणाली. तिला जे सांगता आले नाही ते मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात आहे.

ही विद्यार्थिनी पुण्यातील एका इराणी बहाई कुटुंबातली. वीस-बावीस वर्षांपूर्वी, मी नुकताच शिकवू लागलो होतो तेव्हा, ती आमच्याकडे मराठी घेऊन एम. ए. झाली. लग्नानंतर तिकडे स्थायिक झाली. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. शाळेच्या फुटबॉल संघात त्याची निवड झाली आणि संघातल्या मुलांनी त्याला आपल्या चर्चच्या युवक गटात नेले. बुधवारची संध्याकाळ, पिझ्झा, गिटार, खेळ. परक्या वाटणाऱ्या नावाच्या या एकलकोंड्या मुलाला आयुष्यात प्रथमच दहा-बारा मित्र मिळाले. तो बहाई आहे हे कळल्यावरही कोणी तोंड फिरवले नाही. उलट त्याच्याविषयीची आस्था वाढली. त्याचे नाव घेऊन प्रार्थना होऊ लागल्या. एका मैत्रिणीने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, तू नरकात जाशील या विचाराने मला झोप येत नाही. उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी झाली, काहींनी रडत आपापली पापे सांगितली आणि ज्यांना ख्रिस्ताचा स्वीकार करायचा आहे त्यांनी उभे राहावे, असे गटप्रमुखाने सांगितले. सगळे उभे राहिले. हाही उभा राहिला.

घरी आल्यावर तीन दिवस तो फारसा बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने आईला विचारले, ‘मी तिथं खोटं वागलो की इथं खोटं वागतोय?’ पुढच्या आठवड्यात त्याने गटप्रमुखाला कळवले की, येशूवर माझी श्रद्धा आहेच, पण मी बहाईच राहीन. कोणी भांडले नाही. फोन मात्र वाजायचा थांबला.

त्या गटाचे नाव मी येथे देत नाही. एका गटाला दोषी ठरवून सुटण्याइतका हा प्रश्न लहान नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या मैत्रीचे आयुष्य समोरच्याच्या होकारावर अवलंबून असते ती मैत्री नव्हे, ते साधन होय. आणि चौदा वर्षांच्या मुलावर असे साधन वापरणे हा बळाचाच एक प्रकार आहे. त्यात हात उचललेला नसतो म्हणून तो सौम्य ठरत नाही, तो केवळ अदृश्य ठरतो.

दक्षिण कॅरोलिनाची निवड मी केलेली नाही, पण तिच्याइतके बोलके उदाहरण शोधूनही सापडले नसते. हे राज्य अमेरिकेच्या ‘बायबल बेल्ट’मधले, म्हणजे बाप्टिस्ट आणि अन्य इव्हँजेलिकल चर्चच्या प्रभावाखालचे. आणि २०१० च्या धर्मगणनेनुसार अमेरिकेतले हेच एक राज्य असे होते की, जिथे ख्रिस्ती धर्माखालोखाल सर्वाधिक अनुयायी बहाई धर्माचे होते. हे वाचून कोणी फार मोठी संख्या कल्पू नये; राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. पण ते उपरे नव्हेत. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या घरात १८७४ साली याच राज्यातील चार्ल्सटन येथे जन्मलेले वकील लुई ग्रेगरी १९०९ मध्ये बहाई झाले आणि वर्णभेदाच्या ऐन भरात दक्षिणेत वंशैक्याचा प्रचार करीत हिंडले. १९७०-७१ च्या सुमारास येथील ग्रामीण भागात हजारो लोकांनी, त्यांतही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांनी, बहाई धर्म स्वीकारला. हेमिंग्वे या लहानशा गावातून १९८४ पासून बहाईंचे नभोवाणी केंद्र चालू झाले. सारांश, हा समाज तेथील मातीतला आहे. तरीही त्याच्या मुलाला शाळेच्या उपाहारगृहात ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर दररोज नव्याने द्यावे लागते.

या प्रश्नामागे सुव्यवस्थित यंत्रणा आहे, हे इकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. ‘यंग लाइफ’ ही संघटना १९४१ पासून, ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स’ ही १९५४ पासून शाळकरी आणि महाविद्यालयीन वयाच्या मुलांमध्ये काम करते. १९८४ च्या ‘इक्वल अ‍ॅक्सेस’ कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांच्या धार्मिक मंडळांना इतर मंडळांच्या बरोबरीने जागा मिळाली आणि १९९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती विद्यार्थ्यांनी जमून प्रार्थना करण्याचा वार्षिक उपक्रम सुरू झाला व देशभर पसरला. दक्षिण कॅरोलिनाने तर २००६ मध्ये कायदा करून, शाळेबाहेर घेतलेल्या धार्मिक शिक्षणाला शालेय श्रेयांक देण्याची मुभा दिली. स्पार्टनबर्ग येथील शाळांत ती अमलात आली तेव्हा काही पालक न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये हरले. यातले काहीही बेकायदेशीर नाही. कायद्याने दिलेली जागा बहाई मुलांनाही तितकीच मोकळी आहे. पण ज्या शाळेत एका बाजूला शंभर मुले आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगा असतो तिथे ‘समान जागा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ काय होतो, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

आता कोणी म्हणेल, हे ज्यू मुलाला, हिंदू मुलाला, मुसलमान मुलालाही सोसावे लागते. मग बहाई मुलाचे वेगळे काय? वेगळे आहे, आणि तोच या प्रकरणाचा गाभा आहे. हिंदू किंवा ज्यू मुलगा ‘मी तुमच्यातला नाही’ असे म्हणू शकतो. त्याच्याभोवती कुंपण आहे. ते कुंपण कधी जाचक असेल, पण आडोसाही देते. बहाई मुलाला लहानपणापासून शिकवलेले असते की येशू हा ईश्वराचा अवतारस्वरूप प्रकटकर्ता आहे, बायबल आदरणीय आहे आणि सर्व धर्मांचे मूळ एक आहे. तो विरोध करायला उभाच राहत नाही. तो ‘हो’ म्हणतो. आणि त्याला उत्तर मिळते की तुझे ‘हो’ खरे नाही. तू ज्या येशूला मानतोस तो येशू नव्हे. ज्याचा नकार नाकारला जातो त्याला निदान लढता तरी येते. ज्याचा होकारच खोटा ठरवला जातो त्याने काय करावे? ‘मी तिथं खोटं वागलो की इथं?’ हा त्या मुलाचा प्रश्न यातून आलेला आहे.

या ठिकाणी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. वॉल्टर मार्टिन यांच्या १९६५ मधील ‘द किंग्डम ऑफ द कल्ट्स’ या पुस्तकात बहाई धर्मावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि हे पुस्तक इव्हँजेलिकल वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. ‘कल्ट’ या शब्दाला मराठीत आपण सहज ‘पंथ’ म्हणून मोकळे होतो. पण आपल्याकडे वारकरी पंथ आहे, महानुभाव पंथ आहे, नाथपंथ आहे; ‘पंथ’ म्हणजे वाट, आणि वाट ही चांगलीच गोष्ट. त्यामुळे त्या शब्दातला डंख मराठी कानाला जाणवतच नाही. अमेरिकन शाळेत ‘तू कल्टमधला आहेस’ याचा अर्थ होतो: तुझे आईवडील फसलेले आहेत, आणि कदाचित फसवणारेही. चौदा वर्षांच्या मुलाच्या श्रद्धेवर टीका करणे वेगळे आणि त्याचा आईवडिलांवरचा विश्वास खिळखिळा करणे वेगळे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या वादात रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. हा वाद मुळात वाचनाचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाचे सहावे वचन प्रत्येक बहाई मुलाला कधी ना कधी ऐकवले जाते. ते एकट्याने येते, त्याच्या आगेमागे काही नसते. उलट १८६०-७० च्या दशकारंभी बगदादमध्ये लिहिलेल्या ‘किताब-ए-ईकान’ या ग्रंथात बहाउल्लांनी मत्तयकृत शुभवर्तमानातील सूर्य, चंद्र, तारे आणि मेघ यांच्याविषयीची वचने रूपकात्मक मानून उलगडली आहेत. आपल्या परिभाषेत सांगायचे तर एक बाजू अभिधेवर थांबते, दुसरी लक्षणा-व्यंजनेकडे जाते. कोणते वाचन योग्य, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. इव्हँजेलिकल विद्वानांनाही ग्रंथातील वाङ्मयप्रकारांचे भान असते. बायबलच्या निर्दोषत्वाविषयीचे त्यांचे १९७८ चे शिकागो निवेदनही ते नाकारत नाही. पण विद्वानांचे हे भान युवक गटाच्या पिझ्झापर्यंत पोचत नाही. तिथे पोचते ती पुस्तिका.

या पुस्तिकांचा संहिता म्हणून कोणी अभ्यास करावा. ‘कॅम्पस क्रुसेड’चे संस्थापक बिल ब्राइट यांची ‘चार आध्यात्मिक नियम’ ही पुस्तिका १९६० च्या दशकापासून असंख्य हातांतून फिरली. तिची सुरुवात ईश्वराच्या प्रेमाने होते आणि अखेरीस वाचकाने म्हणावयाची प्रार्थना छापलेली असते. म्हणजे प्रश्नही तिचा, उत्तरही तिचे. वाचकाचा प्रतिसाद आधीच छापून ठेवणारी संहिता ही वाचकाला वाचक मानते काय? वाचनस्वातंत्र्याविषयी आपण चर्चासत्रांत इतके बोलतो. त्या स्वातंत्र्याचा लोप म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. शेकोटीपाशी ‘उभे राहा’ म्हणणारा गटप्रमुख हीच संहिता मोठ्याने वाचत होता.

यावरचा पहिला आक्षेप अपेक्षित आहे. ज्याला खरोखर वाटते की आपला मित्र अनंतकाळच्या आगीत जाणार आहे, त्याने गप्प बसावे काय? तसे गप्प बसणे हीच क्रूरता नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. त्या रडणाऱ्या मुलीच्या अश्रूंना मी ढोंग म्हणणार नाही. तीही त्या यंत्रणेत अडकलेली एक पोरच आहे. तिने बोलावे, जरूर बोलावे. पण बोलून झाल्यावर, ‘नाही’ ऐकल्यावर, तिने दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी डबा खायला बसावे. प्रेम जर कारण असेल तर ते नकाराने संपण्याचे कारण नाही. आणि ते संपत असेल, तर ते प्रेम मुलावर नव्हते, त्याच्या होकारावर होते. तिकडे ‘फ्रेंडशिप इव्हँजेलिझम’ असे नाव असलेली एक पद्धतच आहे: आधी मैत्री, मग संदेश. माझा विरोध संदेशाला नाही. मैत्रीचा पायरीसारखा उपयोग करण्याला आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बहाई काय धर्मप्रसार करीत नाहीत? करतात. ते त्याला ‘शिकवणे’ म्हणतात आणि दडपणाने केलेल्या धर्मप्रसाराला त्यांच्या शिकवणीतच मनाई आहे. परंतु शब्द बदलल्याने कृती आपोआप शुद्ध होत नाही. वचने सुटी करून वापरण्याचा दोषही एकतर्फी नाही. विल्यम सिअर्स यांच्या ‘थीफ इन द नाइट’ या १९६१ च्या लोकप्रिय बहाई पुस्तकात बायबलमधील भाकितांची आकडेमोड करून ती बाब यांच्या १८४४ च्या घोषणेशी जुळवली आहेच. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी बहाईही वस्त्यावस्त्यांतून गट चालवतात आणि तेथे अन्यधर्मीय मुले येतात. म्हणून जी कसोटी मी चर्चच्या युवक गटाला लावतो तीच त्यांनाही लावली पाहिजे: हा गट कोण चालवते हे पालकांना पहिल्या दिवशी सांगितले आहे काय? मुलगा ‘मला पटत नाही’ म्हणाला तर त्याची जागा तशीच राहते काय? या कसोटीवर एखादा बहाई गट नापास झाला, तर तोही तितकाच दोषी.

एक गोष्ट मात्र बहाईंच्या बाजूने नोंदवायला हवी. त्यांच्याकडे पंधरा हे धार्मिक प्रौढत्वाचे वय मानले जाते आणि आईवडील बहाई असले तरी या वयात मुलाने स्वतः निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा असते. सत्याचा शोध ज्याचा त्याने घ्यावा हे त्यांचे मूलतत्त्वच आहे. म्हणजे ज्या वर्षी घर दार उघडून म्हणते, ‘आता तू ठरव’, त्याच वर्षी बाहेरून सर्वांत मोठे दडपण येते. स्वातंत्र्य देणाऱ्या घराची ती उघडी बाजू असते. कुंपण नसलेल्या शेतात गुरे शिरली, तर दोष कुंपण न घालणाऱ्याचा, असे म्हणणारे अर्थातच भेटतात.

तिसरे लोक आक्षेप घेत नाहीत, त्यांना आनंद होतो. आणि ते आपल्या घरातले आहेत. हा लेख वाचून कोणी टाळी देऊन म्हणेल, ‘पाहा, आम्ही सांगतच होतो, म्हणून तर धर्मप्रचारावर कायद्याने बंदी हवी.’ त्यांना मी इराणकडे पाहण्याची विनंती करतो. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आली. त्यांतली मोना महमूदनिझाद सतरा वर्षांची होती आणि बहाई मुलांचे वर्ग घेणे हा तिच्या ‘गुन्ह्यां’पैकी एक होता. २०२१ मध्ये त्याच देशाने दंडसंहितेत दुरुस्ती करून ‘विचलित’ धार्मिक शिक्षण व प्रचार यांसाठी शिक्षेची तरतूद केली. धर्मप्रचाराला गुन्हा ठरवणारा कायदा अल्पसंख्याकांच्या मुलांना वाचवत नाही. तो बहुधा त्यांच्याच गळ्याशी येतो. त्या मुलाच्या एकटेपणाची मी शिराझच्या वधस्तंभाशी तुलना करीत नाही, तसे करणे अश्लाघ्य ठरेल. पण इराणातून जीव वाचवून आलेल्यांच्या नातवंडांना स्वतंत्र देशात तरी आपली श्रद्धा शांतपणे बाळगता यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा वाटू नये. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलावरून जे वादळ उठले ते आपण इतिहासात शिकवतो. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, धाकटा स्कॉटिश मिशनऱ्यांकडे राहिलेला. वडील न्यायालयात गेले, मुलगा परत मिळाला, मग बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतलेल्या त्याच्या शुद्धीवरून दुसरे वादळ. धर्मांतर की शुद्धी, मिशनरी की शास्त्री, या झटापटीत श्रीपत हा वादाचा विषय झाला; माणूस म्हणून तो कोणाच्याच हिशेबात फारसा उरला नाही. याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवावीत. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधली वर्षे ताटातुटीची, भांडणाची, अश्रूंची होती. पण निर्णयाची वेळ त्यांची होती आणि वाटही त्यांची स्वतःची. धर्मांतराला माझा विरोध असता तर मी हे पुस्तक वर्गात इतक्या आनंदाने शिकवले नसते. माणसाने धर्म बदलावा, टिकवावा, सोडावा. पण त्याला त्यासाठी पाच वर्षे लागणार असतील तर ती शेकोटीच्या एका रात्रीत कोंबू नयेत.

शेवटी दोन शब्द बहाई वडीलधाऱ्यांना. मुलाने घरी येऊन प्रश्न विचारला की ‘आपण सर्वांवर प्रेम करावे’ एवढेच उत्तर अनेक घरांतून मिळते. ते सुंदर आहे, पण अपुरे आहे. प्रेमाचाच दडपणासारखा वापर होत असताना प्रेमाचा उपदेश मुलाला निःशस्त्र करतो. त्याला शब्द द्या. ‘मला विचार करायला वेळ हवा’ हे वाक्य द्या. ‘मला हे माहीत नाही’ म्हणण्यात पराभव नाही, हे सांगा. शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेत, जिथे विवेकानंद बोलले त्याच परिषदेत, बहाउल्लांचा उल्लेख अमेरिकन श्रोत्यांनी ऐकला तो हेन्री जेसप या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याच्या निबंधातून, आणि त्यांच्या वतीने तो वाचलाही दुसऱ्या मिशनऱ्यानेच. त्या व्यासपीठावर एका ख्रिस्ती धर्मप्रचारकाला परक्या सत्पुरुषाचे विचार आदराने सांगता आले होते, ही गोष्टही मुलांना सांगा; म्हणजे समोरचा प्रत्येक ख्रिस्ती माणूस शत्रू वाटणार नाही.

गेल्या महिन्यात विद्यार्थिनीचा पुन्हा फोन आला. मुलाला पंधरावे लागले. त्याने अजून काहीच ठरवलेले नाही आणि घरात कोणी विचारलेलेही नाही. मात्र संघातला एक मुलगा, त्याच युवक गटातला, परवा सायकल घेऊन दारात आला होता. आत येऊन बसला, जेवला, गेला. धर्माचा विषय निघाला नाही. ‘सर, तो पुन्हा येईल ना?’ तिने विचारले.

मला ठाऊक नाही. पण तो आला, तर शाळेने तिला विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर तो मुलगाच देईल.